तीन कोटी वर्षांनंतरची पुळण

कातळवाट

पावसाळ्याआधी गावच्या वाचनालयाचं कपाट रिकामं करून पुस्तकं उन्हात घालायची, हे काम दरवर्षी माझ्याकडे असतं. या वेळी तळाच्या फळीवर वेल्सचं ‘टाइम मशीन’ सापडलं. पुठ्ठा सुटलेला, कडा वाळवीने कुरतडलेल्या. शाळेत असताना वाचलं होतं. तेव्हाचं डोक्यात राहिलं होतं ते ८०२७०१ हे साल आणि जमिनीखाली राहणारे मॉर्लॉक. बाकी सगळं पुसून गेलेलं.

खळ्यातच बसून पुन्हा वाचायला घेतलं आणि शेवटाकडच्या पाच-सहा पानांपाशी अडकलो. मॉर्लॉकांच्या तावडीतून सुटलेला तो प्रवासी घरी परतण्याऐवजी पुढेच जातो आणि एका समुद्रकिनाऱ्यावर थांबतो. सूर्य लालभडक, एका जागी खिळलेला. वारा पडलेला, त्यामुळे लाटा फुटत नाहीत, पाणी नुसतं तेलासारखं संथ वर-खाली होतंय. पाण्याच्या कडेने मिठाची जाड खपली धरलेली. आणि टेबलाएवढे खेकडे त्याच्याकडे सरकत येतायत. तो तिथूनही पळतो, टप्प्याटप्प्याने आणखी पुढे जातो, आणि तीन कोटींहून जास्त वर्षांनंतर त्याच किनाऱ्यावर थांबतो. आता खेकडेसुद्धा नाहीत. थंडी, बर्फाची भुरभुर, सूर्याला लागलेलं ग्रहण, आणि उथळ पाण्यात उड्या मारणारा एक काळा गोल जीव. बस्स.

पुस्तक मिटलं आणि तसाच खाली पुळणीवर गेलो. ओहोटी होती. वाळूच्या बारीक बारीक गोळ्या मांडून खेकड्यांनी नेहमीसारखी रांगोळी घातलेली. पाऊल टाकलं की दहा हातांच्या टापूतले सगळे बिळात. १८९५ सालचं पुस्तक, लिहिणारा इंग्लंडातला, पण त्याने पृथ्वीचा शेवट दाखवायला पुळण आणि खेकडेच निवडले. हे मला आतपर्यंत लागलं.

दूर भविष्यावरच्या कादंबऱ्या मी गेली वीसेक वर्षं मिळतील तशा वाचतोय. स्टेपल्डनची १९३० सालची ‘लास्ट अँड फर्स्ट मेन’ दोनशे कोटी वर्षांचा पल्ला घेते. माणसाच्या एकामागून एक अठरा जाती, शेवटची नेपच्यूनवर. क्लार्कच्या १९५६ च्या ‘द सिटी अँड द स्टार्स’मध्ये शंभर कोटी वर्षं टिकून राहिलेलं एक शहर आहे, भोवती वाळवंट, समुद्र आटून गेलेले. वाचताना दरवेळी जाणवतं ते असं, की आकडा मोठा केला म्हणून काळ मोठा होत नाही. शंभर कोटी काय नि दोनशे कोटी काय, मनाला दोन्ही सारखेच. काळ जाणवतो तो हाताला काहीतरी लागलं की. वेल्सच्या प्रवाशाच्या खिशात दोन सुकलेली फुलं राहतात, त्या दूरच्या काळात भेटलेल्या वीनाने घातलेली. आठ लाख वर्षं मला त्या दोन फुलांत कळली, यंत्राच्या तबकड्यांवरच्या काट्यांत नाही कळली.

आता आपल्याकडचं. कशेळीच्या सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावरचा, हत्ती बहुतेकांनी पाहिला असेल, निदान फोटोत. सुमारे १८ मीटर लांब, जांभ्यात कोरलेला, पोटात कितीतरी दुसरे प्राणी. शेजारी उभं राहून तो अख्खा दिसतच नाही. पावसात खोबणींत पाणी साचतं तेव्हा त्याची कड सर्वांत स्वच्छ उमटते. कोकणातल्या या कातळशिल्पांना २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत जागा मिळाली. ज्यांनी ती कोरली त्यांची भाषा गेली, देव गेले, नावं गेली. रेघ राहिली. दूर भविष्यातला माणूस आपल्याकडे ज्या नजरेने बघेल ती नजर आपल्याला आयतीच मिळालेली आहे, कारण आपण या शिल्पांकडे तसेच बघतो.

मग याच सड्यावर सुरू होणारी, पुढच्या लाख किंवा कोटी वर्षांतली मराठी कादंबरी का नसावी? माझ्या वाचनात तरी आलेली नाही. नारळीकरांची ‘वामन परत न आला’ या कल्पनेच्या जवळ जाते, पण उलट्या दिशेने: तिथे जमिनीत पुरलेल्या ठेव्यातून आपल्या आधीची प्रगत संस्कृती बोलते. मला पुढची हवी आहे.

तर विचारतो. अशी कादंबरी इथे, या किनाऱ्यावर लिहायची झाली, तर वाचकाच्या हातात द्यायची वस्तू कोणती? कातळशिल्प हे माझं उत्तर आहे, पण ते मला पुरेसं वाटत नाही. तुमची सांगा.

मैत्रेयी

कातळवाट, आधी तुमच्या लाल सूर्याबद्दल. मी रत्नागिरीत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते आणि हा उतारा दरवर्षी वर्गात वाचून दाखवते, कारण त्यात १८९५ सालचं विज्ञान जसंच्या तसं सापडतं.

तेव्हा सूर्य कशावर जळतो हे कोणालाच माहीत नव्हतं. केल्विनचा हिशोब असा, की सूर्य स्वतःच्या वजनाने आकसतो आणि त्यातून उष्णता निघते. या हिशोबात सूर्याचं आयुष्य काही कोटी वर्षांतच संपत येतं. म्हणून वेल्सने तीन कोटी वर्षांवर विझत आलेला सूर्य ठेवला. ते त्याच्या काळाचं उत्तम विज्ञान होतं. पुढच्याच वर्षी, १८९६ साली, बेक्रेलला किरणोत्सर्ग सापडला. १९२० साली एडिंग्टनने हायड्रोजनचं हेलियम होताना निघणाऱ्या ऊर्जेकडे बोट दाखवलं आणि १९३९ साली बेथने त्या अभिक्रिया मांडल्या. सूर्याचं आयुष्य एकदम शेकडो कोटींवर गेलं. आज आपण म्हणतो, त्याला लाल राक्षसी तारा व्हायला अजून सुमारे ५०० कोटी वर्षं आहेत.

पण समुद्राला तेवढी मुदत नाही. सूर्य दर शंभर कोटी वर्षांना साधारण दहा टक्क्यांनी अधिक तेजस्वी होतो. शंभरेक कोटी वर्षांत समुद्र आटायला लागतील असा अंदाज आहे. म्हणजे क्लार्कचं समुद्र नसलेलं शहर हिशोबात बसतं, जरी त्याने समुद्र आटण्याचं कारण हे धरलं नव्हतं.

तीन कोटी वर्षांनंतरच्या खऱ्या कोकणाचं ढोबळ चित्र देते. सूर्य आजच्याहून फक्त ०.३ टक्के जास्त तेजस्वी. भारताची भूपट्टी वर्षाला पाचेक सेंटिमीटर ईशान्येकडे सरकते. तोच वेग राहिला तर दीड हजार किलोमीटर सरकेल. वाटेत हिमालय आहे, तेव्हा वेग तोच राहीलच असं नाही, पण आपण आजच्या अक्षांशावर नसू. आंबा, काजू, भात ही सगळी आजची नावं कशालाच लागू पडणार नाहीत. सह्याद्रीचा कडा झिजून आणखी पूर्वेला हटलेला. जांभ्याचे सडे पावसाने केव्हाच धुऊन नेलेले. तुमचा हत्ती तीन कोटी वर्षं राहणार नाही. लाखभर वर्षंसुद्धा कठीण आहेत.

दर्यासारंग

मैत्रेयीताईंनी हत्ती पुसून टाकला, वाईट वाटलं. पण मालवणात लहानपण गेलेल्या माणसाला दगडावर तसा फार भरवसा नसतोच. समुद्र दगड काय करतो ते रोज बघतो आम्ही.

माझं उत्तर वेगळं आहे. माझा आजो रापणीचा मासेमार. शाळा दुसरीपर्यंत. भरती किती वाजता लागेल हे त्याला पंचांग नि बोटं एवढ्यावर कळायचं. तिथीची पाऊणपट. आज पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार, पावणेचारला भरती भरणार. अष्टमीला सहा. पुनवेला सव्वाअकरा. पंधरवडा पालटला की पुन्हा एकपासून मोजायचं. अष्टमीच्या आजूबाजूला भांग, पाणी मवाळ. पुनव-अवसेला उधाण. मी एकदा त्याला घड्याळ घेऊन द्यायला निघालो तर म्हणाला, ‘माका घड्याळ कित्याक व्हया? चंद्र आसा मां.’

आता मला ताईंना विचारायचं आहे. वाचलं होतं की चंद्र पृथ्वीपासून लांब चाललाय. मग आजोबांची ही पाऊणपट किती वर्षं चालेल? दूर भविष्यातल्या कोळ्याला ती उपयोगी पडेल का? कादंबरीत हातात द्यायची वस्तू म्हणून मला तरी हीच सुचते. तिला ना माती लागत ना दगड.

पाटाचं पाणी

सर्वांना नमस्कार. माझं वय आता बाहत्तर, गुहागरकडचा. तुम्हा मंडळींचं वाचन माझ्यापेक्षा जास्त, पण एक सांगावंसं वाटतं.

आमच्या घरी गणपती बसतात तेव्हा भटजी संकल्प सोडतात. श्वेतवाराहकल्पे, वैवस्वत मन्वंतरे, अष्टाविंशतितमे युगचतुष्के, कलियुगे, कलिप्रथमचरणे. लहानपणी हे मी पळीतून पाणी सोडत ऐकलं आणि अर्थ विचारला तेव्हा वडिलांनी समजावलं: ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा. त्यात आपण कुठे बसलोय त्याचा पत्ता भटजी देतायत, गावाच्या पत्त्यासारखा. कलियुग ४ लाख ३२ हजार वर्षांचं, त्यातली पाच हजार आणि थोडी वर जाऊन झाली. म्हणजे सव्वाचार लाखांहून जास्त वर्षं अजून पुढे आहेत. गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून दर भाद्रपदात आपण एवढ्या काळाचा उच्चार करतो.

तेव्हा एवढ्या लांबच्या काळाची कल्पना करायला आपल्याला बाहेर जावं लागतं असं मला वाटत नाही. ती आपल्या घरात आहे. लिहिणाऱ्याने तिथून सुरुवात करावी.

आणखी एक. लग्नात वधूवरांना ध्रुव दाखवतात, अढळ म्हणून. पण पृथ्वीचा अक्ष सुमारे २६ हजार वर्षांत एक फेरा घेतो, त्यामुळे ध्रुवतारा बदलतो. आणखी बारा हजार वर्षांनी त्या जागेच्या जवळ अभिजित हा तारा असेल. तेव्हा जर कुणी लग्न लावत असेल, तर नवरानवरीला अभिजित दाखवतील. हे मी एका आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात ऐकलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

कातळवाट

काका, अभिजिताचं जे लिहिलंत ते मी वहीत उतरवून घेतलं. लग्न तेच, हात तसाच वर केलेला, तारा दुसरा. याहून चांगलं पहिलं पान मला सुचणार नाही.

पण संकल्पाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत होता येत नाही, आणि हे मनापासून सांगतो, वाद घालायचा म्हणून नाही. युगांचा हिशोब प्रचंड आहे, पण तो फिरून येतो. कली संपला की पुन्हा कृतयुग. म्हणजे काळ लांबला तरी माणूस तोच, धर्म तोच, फक्त कमीजास्त होतो. स्टेपल्डनच्या अठरा जातींत दुसरी जात पहिलीला ओळखत नाही, पाचवीला आपली भाषा म्हणजे किड्यांची किरकिर वाटेल. तिथे परतीची वाट नाही. दूर भविष्याच्या कादंबरीची भीती आणि गोडी दोन्ही त्या परत न येण्यात आहेत. संकल्पाने मला काळाचा पत्ता दिला, हे खरं. पण त्या पत्त्यावर पोचल्यावर कोण भेटेल हे तो सांगत नाही.

पाटाचं पाणी

तुमचं म्हणणं पटलं. पण संकल्पाचा उच्चार करणारा मात्र दरवर्षी बदलतो. माझे वडील गेले, आता मी म्हणतो. एवढं कादंबरीत ठेवा.

शब्दवेडा

मला या धाग्यात भाषेचं कोणीच बोललं नाही याचं आश्चर्य वाटलं. लाख वर्षांनंतरची माणसं कुठली मराठी बोलणार? ज्ञानेश्वरी १२९० ची, म्हणजे जेमतेम सव्वासातशे वर्षांची, आणि टीपा घेतल्याशिवाय आपल्यातल्या बहुतेकांना ती सरळ वाचता येत नाही. मग एक लाख वर्षं?

यावर मला आवडलेला तोडगा जीन वुल्फचा. १९८० ते १९८३ या काळात त्याच्या ‘द बुक ऑफ द न्यू सन’चे चार भाग आले. सूर्य विझत आलेला, पृथ्वी म्हातारी, इतिहासाचे थर इतके साचलेले की खाणीतून आधीच्या युगांच्या वस्तू निघतात. वुल्फ म्हणतो की हे पुस्तक अजून जन्माला न आलेल्या भाषेतून आपण भाषांतरित केलंय. आणि त्यासाठी तो नवे शब्द बनवत नाही. लॅटिन, ग्रीक, जुन्या इंग्रजीतले विसरलेले खरे शब्द उचलतो. वाचताना शब्द अनोळखी लागतो पण खोटा लागत नाही. कुणीतरी कधीतरी तो तोंडाने उच्चारलाय हे कळतं.

त्यातला एक प्रसंग सांगतो, हातात धरायच्या वस्तूचा विषय आहे म्हणून. नायक एका जुन्या दालनात एक चित्र बघतो. ओसाड जमीन, चिलखतासारखा पोशाख घातलेला एक माणूस, डोक्यावरच्या सोनेरी काचेत चेहरा नाही. त्याला ते काय आहे कळत नाही. आपल्याला कळतं, चंद्रावर उतरलेला माणूस. त्याच्या काळात चंद्रावर जंगल आहे, चंद्र हिरवा दिसतो, म्हणून ती राखाडी जमीन त्याला ओळखता येत नाही. लेखक एक शब्द समजावून सांगत नाही. मी ते पान वाचून पुस्तक छातीवर ठेवून कितीतरी वेळ पडून राहिलो होतो.

हे मराठीत करायचं तर आपली पेटी भरलेली आहे. लीळाचरित्र, ज्ञानेश्वरी, बखरी. चोखट, वोखटें, बरवें, निगुती. आणि त्याहून मोठी पेटी कोकणात आहे, अजून जिवंत. खाजण, आगर, व्हाळ, गडगा, पाणंद, मांगर, इरलं. पुण्याच्या वाचकाला यातले निम्मे आजच अनोळखी. लाख वर्षांनंतरच्या किनाऱ्यावर इरलं हा शब्द वापरा, अर्थ सांगू नका. माणसाने पावसात ते डोक्यावर घेतलं की वाचकाला कळेल.

आणि नारळीकरांचा उल्लेख आला म्हणून: १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी पहिली कथा पाठवली ती ‘कृष्णविवर’, टोपणनावाने, नारायण विनायक जगताप. स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस मिळालं. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा, २० मे २०२५ ला, मी ती कथा पुन्हा वाचली. मराठीत कृष्णविवराजवळ काळ कसा थांबतो हे सांगता येतं, हे त्यांनी पन्नास वर्षांपूर्वी दाखवून ठेवलंय. भाषा पुरणार नाही ही भीती आपण सोडून द्यावी.

खारफुटी

थोडक्यात लिहिते. ब्रायन आल्डिसची ‘हॉटहाउस’, १९६२. पृथ्वी फिरायची थांबलेली, आणि उजेडाच्या बाजूची अख्खी जमीन एकाच वडाने व्यापलेली. एक वड! पारंब्या टेकत टेकत खंडभर पसरलेला. माणसं आजच्या पाचव्या हिश्श्याएवढी होऊन त्याच्या फांद्यांत लपतात. आणि जिथे जमीन संपते तिथे वड आणि समुद्रातली झाडं यांची कायमची लढाई लागलेली. दोन्ही एकमेकांना पुढे येऊ देत नाहीत.

मी वेंगुर्ल्याजवळ खाडीकाठी वाढले. कांदळवनात ओहोटीला उतरलात कधी? चिखलातून वर आलेली श्वासमुळं पायाला टोचतात, आणि तिवराच्या पानाला जीभ लावली तर खारट लागतं, कारण ते मीठ पानावाटे बाहेर टाकतं. समुद्र आणि झाड यांची बोलणी तिथे रोज चालतात, दिवसातून दोनदा. आल्डिसचं विज्ञान पुष्कळ ठिकाणी चुकीचं आहे, पण किनाऱ्यावर कोण जिंकतं हा प्रश्न त्याने बरोबर पकडला. माझी वस्तू: तिवराचं एक पान.

गडगा

मूळ धाग्यातल्या कातळशिल्पांवर. आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर एक शिल्प होतं. फार मोठं नाही, दोन पुरुष लांबीचा मासा आणि शेजारी काही वर्तुळं. गुरं राखायला जायचो तेव्हा त्याच्या पाठीवर बसून आंबे खायचो. त्याला आम्ही ‘पांडवांचा मासा’ म्हणायचो, आमच्याकडे न समजलेलं सगळं पांडवांचंच असतं. पाच वर्षांपूर्वी गणपतीला गावी आलो तर तिथे चिरेखाण. जमीन ज्यांनी घेतली त्यांना माहीत नव्हतं, ज्यांना माहीत होतं ते मुंबईला होते. माझ्याकडे फोटोसुद्धा नाही. मासा आता चिरे होऊन कुणाच्या तरी घराच्या भिंतीत आहे.

मैत्रेयीताई, लाख वर्षं लागत नाहीत हो.

कादंबरी लिहिलीत तर त्यात ती भिंत घाला. कुठल्या तरी चिऱ्यावर अर्धी खोबण, आणि ती कशाची ते कुणालाच ठाऊक नाही.

मैत्रेयी

गडगा, वाचून गलबललं. तुम्ही आठवणीतून तरी त्याचं चित्र काढून ठेवा, मापं अंदाजे असली तरी.

दर्यासारंग, तुमच्या प्रश्नाने माझे दोन दिवस खाल्ले. उत्तर असं निघालं की मीच चकित झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

चंद्र लांब जातोय हे खरं, वर्षाला ३.८ सेंटिमीटर. १९६९ मध्ये अपोलो ११ ने तिथे ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हे मोजतात. गंमत बघा, स्टेपल्डनच्या कादंबरीत चंद्र पृथ्वीजवळ येत जातो आणि त्याच्या धाकाने पाचव्या जातीची माणसं शुक्रावर जातात. क्लार्कच्या शहराच्या आभाळातही चंद्र उरलेला नाही. दोघांनीही आपला चंद्र काढून घेतला. खरा चंद्र मात्र पडत नाही, दूर सरतो. तीन कोटी वर्षांत ११०० किलोमीटरच्या आसपास. आजचं अंतर ३ लाख ८४ हजार, म्हणजे फरक नगण्य. दिवस तेवढ्या काळात दहाएक मिनिटांनी मोठा होईल. वेल्सची थांबलेली पृथ्वी अजून खूप लांब आहे. सुमारे ६० कोटी वर्षांनी चंद्र इतका लहान दिसेल की खग्रास सूर्यग्रहण होणार नाही.

आता पाऊणपट. मला आधी वाटलं, महिना लांबला की नियम बिघडणार. मग कागदावर मांडलं. तिथी म्हणजे काय? चंद्र आणि सूर्य यांच्यातलं बारा अंशांचं अंतर. पूर्ण वर्तुळाचे तीस भाग. भरती चंद्राच्या मागे चालते, म्हणजे तिथीमागे तिला दिवसाच्या एक तीसांश उशीर. २४ तास भागिले ३० म्हणजे ४८ मिनिटं. तुमच्या आजोबांनी ती ४५ धरली, पाऊण तास, कारण तोंडी करायला सोपं.

यात चंद्राचं अंतर कुठेच येत नाही! महिना किती दिवसांचा आहे तेही येत नाही. चंद्र दुप्पट लांब गेला, दिवस तीस तासांचा झाला, तरी दिवसाचे चोवीस भाग आणि वर्तुळाचे तीस भाग कुणी करत असेल तर हिशोब तोच. फक्त शून्य कुठे धरायचं ते किनाऱ्याच्या आकारावर ठरतं, आणि किनारा बदलेल. मुंबईत आणि मालवणात आजही ते थोडं वेगळं आहेच. तेवढं तिथल्या माणसाला एका पुनवेला पाण्यात उभं राहून कळेल.

म्हणजे सह्याद्रीचा आजचा कडा राहणार नाही, कातळ राहणार नाही, मराठी राहणार नाही, पण जोवर समुद्र आहे, चंद्र आहे आणि पृथ्वी फिरतेय, तोवर तिथीची पाऊणपट राहील. मी हे वर्गात शिकवणार आहे, तुमच्या आजोबांचं म्हणूनच.

दर्यासारंग

ताई, हे मी आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तेका सांगूक व्हया होता.’ आजो जाऊन अकरा वर्षं झाली.

मांडवीपार

गोव्यातून लिहितोय. सगळा धागा वाचला. तुम्ही सगळे आपल्या किनाऱ्यावरचं काहीतरी दूर भविष्यात कसं पाठवायचं ते शोधताय, आणि एक गोष्ट आधीच निघालेली आहे.

केसरबाई केरकर फोंडा तालुक्यातल्या केरीच्या. जन्म १८९२. त्यांनी गायलेली भैरवी, ‘जात कहां हो’, साडेतीन मिनिटांची, व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर आहे. व्हॉयेजर १ हे यान ५ सप्टेंबर १९७७ ला सुटलं. केसरबाई १६ सप्टेंबरला गेल्या, अकरा दिवसांनी. त्याच तबकडीवर ५५ भाषांतल्या शुभेच्छा आहेत आणि त्यांत मराठीही आहे.

सुमारे ४० हजार वर्षांनी ते यान एका अंधूक ताऱ्यापासून पावणेदोन प्रकाशवर्षांच्या आत जाईल. अवकाशात झिजवणारं फारसं काही नाही, म्हणून तबकडी शंभर कोटी वर्षं वाचण्याजोगी राहील असा अंदाज आहे. आपला समुद्र आटायला लागेल त्या सुमारापर्यंत. जात कहां हो. हा प्रश्न भैरवीत कुणीतरी कुणाला विचारलेला, आणि तो ताऱ्यांमधून चाललाय.

मला यावर कादंबरी लिहिता येणार नाही. पण मी केरीच्या रस्त्याने आठवड्यातून एकदा जातो, आणि हे आठवल्याशिवाय ते वळण पार होत नाही.

शब्दवेडा

बोल उरेल, अर्थ विचारायला कुणी नसेल. सूर मात्र भैरवीचाच लागेल. कातळवाट, तुम्ही आता लिहायला घ्या.

कातळवाट

इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सुरुवात केली आहे, म्हणजे पहिला प्रसंग मनात धरलाय. नाव नसलेला किनारा, कातळ नाही, नवीनच खडक. एक बाई पाण्यात गुडघाभर उभी, पुनवेची रात्र, भरती कुठपर्यंत चढते ते बघतेय, शून्य ठरवायला. तिची भाषा आपली नाही, फक्त डोक्यावरच्या वस्तूला ती इरलं म्हणते. बोटं मोजताना ती पाचाची पाऊणपट करते. हे तिला कुणी शिकवलं ते तिला ठाऊक नाही. अभिजित कुठे ठेवायचा ते अजून ठरत नाही, कारण तीन कोटी वर्षांत तो आणि सगळेच तारे आपापल्या वाटेने कुठल्या कुठे गेले असतील. बहुधा काकांचं लग्न वेगळ्या प्रकरणात, बारा हजार वर्षांवर. गडगा, भिंतही असेल.

काल रविवारी वाचनालयात मुलं जमतात तेव्हा त्यांना वेल्सची ती पानं मराठीत सांगितली आणि मग पाऊणपट शिकवली. सातवीतल्या एका मुलीने बोटांवर एकादशीची भरती काढली, सव्वाआठ, आणि बरोबर आहे म्हटल्यावर गप्प बसली. सगळी पांगल्यावर परत आली.

“काका, त्या खेकड्यांच्या पुळणीवर सूर्य हलतच नाही ना?”

“नाही.”

“मग दिवसच नाही. मग चोवीस भाग कशाचे करायचे?”

मला सांगता आलं नाही. मैत्रेयीताई, तुम्ही बघा. ती पुढच्या रविवारी विचारणार आहे.